बनावट तूपवाल्या शेठना, कोसाडच्या पत्त्यावरून

शेठ,

सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे, ती मी पाळत नाही. तुमचं नावही लिहीत नाही. ते पोलिसांच्या कागदात असेल, नसेल तर असायला हवं. सुरतेतल्या कोसाड-अमरोलीच्या गाळ्यांत बसून ज्यांनी ज्यांनी पामतेलाचं ‘शुद्ध देशी तूप’ केलं, त्या प्रत्येकाने हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

सणासुदीच्या तोंडावर छाप्याची बातमी येते आणि पत्त्याच्या जागी आमचं गाव छापून येतं. अशा छाप्यांत काय सापडतं ते आता लोकांना तोंडपाठ झालं आहे. पामतेल, वनस्पती तूप, पिवळा रंग, तुपाच्या वासाची बाटली, रिकामे डबे आणि नामवंत कंपन्यांच्या लेबलांचे गठ्ठे. गाय नाही, म्हैस नाही, दुधाचा एक कॅन नाही.

तुमचं अभिनंदनच करायला हवं. सुरतेच्या आसपास खाद्यपदार्थांचे कारखाने यावेत म्हणून सरकार जंग जंग पछाडतंय. नीती आयोगाने देशातले जे चार महानगर प्रदेश विकासासाठी आधी निवडले, त्यांत मुंबई, विशाखापट्टणम आणि वाराणसीच्या जोडीला सुरत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सुरत, भरूच, नवसारी, वलसाड, तापी आणि डांग या सहा जिल्ह्यांचा आर्थिक आराखडा जाहीर झाला. तुम्ही मात्र आराखड्याची वाट पाहिली नाहीत. जमीन मागितली नाहीत, अनुदान मागितलं नाहीत, परवाना तर नाहीच नाही. गाळा भाड्याने घेतलात, शटर अर्धं ओढलंत आणि उत्पादन सुरू केलंत. एवढा तडफदार उद्योजक कोसाडला दुसरा लाभला नाही.

आता सरळ बोलतो.

या भागात खाद्य कारखानदाराला हवं ते सगळं आहे. कोसाड स्टेशनवरून उत्तरेकडे गाडी सुटली की गोठणगाम आणि मग सायण. सायणला सहकारी साखर कारखाना आहे, आणि त्याच्या भोवतीने ऊसच ऊस. ओलपाड तालुक्यात भात होतो, खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. नवसारीकडून चिकू येतो, वलसाडहून हापूस. सुमूल डेअरी 1951 पासून जिल्ह्याच्या गावागावांतून दूध गोळा करते आणि आदिवासी पट्ट्यातल्या बाईच्या हातात त्या दुधाचा रोकडा जातो. तापीच्या खोऱ्यातून येणारी भुसावळ-सुरत रेल्वे आमच्या खान्देशातून येते. जळगावची केळी आणि नंदुरबारची मिरची त्याच वाटेवर. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग दारात, महामार्ग हाकेच्या अंतरावर. खाणाऱ्यांची तर वाण नाही. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण ही म्हण काय उगाच झाली? घारी, लोचो, उंधियु, थंडीतला पोंक. खाण्यावर इतकं प्रेम करणारं शहर देशात शोधून सापडायचं नाही.

मग बाहेरचा कारखानदार इथे येताना कशाला बिचकेल? पाणी, वीज, रस्ता या गोष्टी पैशाने होतात. पाकिटाच्या पाठीवर छापायचा पत्ता पैशाने होत नाही. कायद्याने उत्पादकाचं नाव आणि पत्ता छापावाच लागतो, आणि ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक नाक मुरडतं तिथे कोणता शहाणा यंत्रं बसवील? हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून कळलेलं नाही. कोसाड आवासच्या बायकांकडून कळलं आहे.

कोसाड आवास तुम्हाला माहीत असणारच. तुमचे डबे उचलायला मजूर तिथूनच मिळत असतील. तापीकाठच्या आणि शहराच्या पोटातल्या झोपड्या उठवून महापालिकेने केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर-नूतनीकरण योजनेत इथे हजारो घरं बांधली. माणसं आली, त्यांची कामं मागे राहिली. ज्या बाईची धुण्याभांड्याची चार घरं चालत जाण्याच्या अंतरावर होती, तिला आता रिक्षाला जेवढं द्यावं लागे तेवढंही हातात उरेना. त्या बायकांमध्ये आमच्या धुळे-नंदुरबार-जळगावकडच्या पुष्कळ. हाताला काय येतं म्हणून विचारलं तर उत्तर एकच, पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे, काळा मसाला, डिंकाचे लाडू. त्यांनी मंडळ केलं. मी त्यांच्या कागदपत्रांचं काम बघतो.

कागदपत्रं म्हणजे काय असतात ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमचा त्यांच्याशी संबंध आलेला नाही. आधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. त्याशिवाय घटक पदार्थ उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. बायका पाटावर बसून बिबडे थापतात, तरी केसांना टोपी आणि पाणी उकळून गार केलेलं. केंद्राची सूक्ष्म खाद्य उद्योगांची योजना 2020 साली आली. तिच्यात प्रकल्पाच्या खर्चावर 35 टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदाला चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल. त्या योजनेचा अर्ज भरताना बाई विचारते, ‘दादा, अंगठा चालेल का सहीच लागेल?’ आणि मग घरी जाऊन मुलाच्या वहीत सही गिरवते.

या बायकांचे डिंकाचे लाडू घेऊन मी एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने एक लाडू फोडला, हुंगला, अर्धा तोंडात टाकला. चांगला आहे म्हणाला. भाव विचारला, तोही पटला. मग पाकीट उलटं करून लेबल वाचायला लागला आणि अंगठा एका ओळीवर थांबला. ‘कोसाड?’ एवढंच म्हणाला. उरलेला अर्धा लाडू त्याने कागदावर ठेवला. मी सहकारी डेअरीच्या तुपाची बिलं काढून दाखवली, नोंदणीचा कागद दाखवला. तो भला माणूस होता, भांडला नाही. म्हणाला, ‘भाऊ, तुमचं खरं असेल. पण गिऱ्हाईक बिल नाही बघत, गिऱ्हाईक टीव्ही बघतं.’

शेठ, त्या अर्ध्या लाडवाचा हिशेब मी तुमच्याकडे मागतोय.

त्यात तूप खरं होतं. एक किलो तुपाला म्हशीचं सात टक्के फॅटचं दूध चौदा लिटरच्या आसपास लागतं, गाईचं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. दूध संघ उत्पादकाला पैसे देतो तेच मुळी फॅटच्या किलोवर. म्हणजे तुपाच्या किमतीला एक तळ आहे. त्या तळाच्या खाली कुणी तूप विकत असेल तर एकतर तो दानधर्म करतोय, नाहीतर तुमचा माल विकतोय. दुकानदारांना हे कळत नाही यावर माझा विश्वास नाही. डबा स्वस्त का, हे न विचारण्याचे पैसे त्यांनाही मिळतात. गाळ्याच्या मालकालाही मिळतात. लेबलं छापून देणाऱ्यालाही मिळतात. ज्या कंपनीचं नाव तो छापतोय तिच्याकडून हुकूम आलेला नाही, हे त्याला ठाऊक असतंच की.

तुमची कारागिरीही मला ठाऊक आहे. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती आपल्याकडे केली ती तुमच्यासारख्यांसाठीच. तुपात वनस्पती मिसळली की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरालच्या परीक्षेत तो तीळ गुलाबी-लाल रंग दाखवून चुगली करतो. म्हणून तुम्ही तिळाची खूण नसलेल्या पामतेलाकडे वळलात. पण दुधाच्या चरबीत ब्युटिरिकसारखी हलकी, उडून जाणारी आम्लं असतात. त्यांचं माप म्हणजे आरएम मूल्य. चांगल्या तुपात ते साधारण 28 च्या वर असतं, आणि पामतेलात ती आम्लं जवळजवळ नसतातच. वासाची बाटली ओतून नाक फसतं, हे माप फसत नाही. प्रयोगशाळेत तुम्ही उघडे पडता ते असे.

मात्र तिथे पोचेपर्यंत तुम्हाला वेळ मिळतो, आणि तुमचा सगळा धंदा त्या वेळेवर उभा आहे. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, एक विश्लेषकाकडे जातो. विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस. अहवाल विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील, मग दुसरी प्रयोगशाळा. तोवर कोजागिरी होते, दुसऱ्या दिवशी चंदी पडवो होतो, अख्खी सुरत रस्त्यावर चटया टाकून घारी खाते. घारीत तूप किती जातं ते सुरतेच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुमचा माल पचून जातो आणि मग कागद येतो की तो खाण्यालायक नव्हता. म्हणून सणाच्या आधी महिनाभर प्रत्येक बाजारातून नमुने उचलले पाहिजेत आणि जागच्या जागी तपासणी करणाऱ्या गाड्या अमरोलीत उभ्या पाहिजेत. हे महापालिकेलाही सांगणं आहे. त्यांना स्वतंत्र पत्र लिहीन, इथे त्यांच्याआड तुम्हाला लपू देणार नाही.

शिक्षेचं काय, तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 59 बघा. असुरक्षित अन्न विकलं पण कुणाला इजा झाली नाही, तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती तीन महिन्यांवर आणली आणि दंडाची मर्यादा एका लाखावरून तीन लाख केली. उद्योगस्नेही वातावरणासाठी म्हणे. मला हा बदल साफ चुकीचा वाटतो. प्रामाणिक कारखानदाराला तुरुंगाची भीती नसतेच, त्याला भीती असते ती तीन लाख भरून सुटलेल्या शेजाऱ्याची. एखाद्या मोठ्या गाळ्यातून निघणारा माल बघता तीन लाख हे तुमच्या दृष्टीने गाळ्याच्या भाड्यासारखंच एक खातं.

इजा झाली नाही म्हणजे काय, हेही कुणीतरी ठरवायला हवं. आमच्याकडे खान्देशात वरण-बट्टी करतात. बट्टी फोडून तिच्यावर तूप ओततात, आग्रहाने, नको नको म्हणेपर्यंत. पाहुणा घरचा झाला की नाही हे त्या तुपावरून कळतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात ते तिच्या हाडांत ताकद यावी म्हणून, घरातला पुरुष एक वेळ कमी खाऊन ते तूप आणतो. तुम्ही त्या घरात पामतेल आणि रंग पाठवलात. ती बाई आजारी पडली नसेल. पण तिच्या वाट्याचं तूप तुम्ही खाल्लंत, आणि कायदा म्हणतो इजा नाही.

एका भेसळीने अख्ख्या प्रदेशाचा धंदा कसा बसतो, याचं उदाहरण तुमच्यापेक्षा फार मोठ्या लोकांनी घालून दिलं आहे. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. ज्या कंपनीपासून प्रकरण उघडकीला आलं ती दिवाळखोरीत गेली, पण गोष्ट तिच्यावर थांबली नाही. ज्यांनी कधी भेसळ केली नव्हती त्यांची दूधपावडरही चिनी आईबापांनी घरात येऊ दिली नाही. ते परदेशी डबे शोधत हाँगकाँगला जायला लागले, इतके की 2013 च्या मार्चमध्ये हाँगकाँगने माणशी दोनच डबे नेण्याची मर्यादा घातली. पाच वर्षं उलटली होती. सरकारने कायदे बदलले होते, दोघांना फाशीही झाली होती. तरी आई डब्यावरचा देश वाचत होती.

आणि सुरतेला हे चीनकडून शिकायची गरज नाही. 1994 चा सप्टेंबर आठवा. प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं हे शहर सोडून पळाली. भुसावळकडच्या गाड्यांना खान्देशातली माणसं लोंबकळत होती. गावाकडे पोचल्यावर वेशीवर त्यांना संशयाने बघत होते, कारण ती सुरतेहून आली होती. काही आखाती देशांनी भारतातून येणारा माल रोखला, त्यात खाण्याच्या वस्तू आल्या. गुजरातेतल्या एका शहरात जे घडलं त्याचा दाम कुठल्या कुठल्या निर्यातदारांनी मोजला.

त्या नावातून हे शहर बाहेर आलं ते जाहिरातीने नाही. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकारी खुर्चीतून उठून गल्लीत गेले, कचरा रोजच्या रोज उचलला जाऊ लागला, खाणावळींच्या आणि मिठाईवाल्यांच्या भटारखान्यांत पथकं शिरली, बड्यांची अतिक्रमणंही पडली. त्यानंतर वर्षानुवर्षं सफाई कामगारांनी ते टिकवलं. स्वच्छ सर्वेक्षण 2023 चा निकाल लागला तेव्हा सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. म्हणजे नाव सुधारायला जवळपास तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांची मिळकत तुम्ही गाळा भाड्याने घेऊन खर्चायला काढली आहे. ती तुमची नव्हती. ती पहाटे रस्ता झाडणाऱ्याची होती, पापड वाळवणाऱ्या बाईची होती, खऱ्या मिठाईवाल्याची होती.

कोसाडला आधीच एक डाग आहे, तो आम्ही लपवत नाही. आवासमधलं पोर नोकरीला गेलं की पत्ता सांगताना ‘अमरोली’ सांगतं. झोपडपट्टीतून उठवून आणलेली वस्ती म्हणून पोलिसांपासून बँकेपर्यंत सगळे दोनदा विचारतात. अशा ठिकाणी एखादा बिस्किटांचा, सरबताचा, मसाल्याचा कारखाना यावा आणि त्याने पाकिटावर अभिमानाने ‘कोसाड, सुरत’ छापावं, यासारखं आम्हाला दुसरं काही नको होतं. खाद्य कारखान्यात बायकांना काम मिळतं. निवडणं, भरणं, तपासणं, पॅकिंग. यंत्रमागाच्या खटखटाटात आणि बारा तासांच्या पाळीत ज्यांना जाता येत नाही त्यांना घराजवळ पगार मिळतो. ही माझी दिवास्वप्नं नाहीत. सुरत जिल्ह्यातल्याच मांगरोळ तालुक्यात मेगा फूड पार्क उभारला गेला तो याच विचाराने. पार्कला कुंपण घालता येतं, शीतगृह बांधता येतं. पण त्याच जिल्ह्यातून बनावट तुपाच्या बातम्या येत राहिल्या तर आत येणारा गुंतवणूकदार फाटकापाशीच गाडी वळवील.

माझं मागणं आता ऐका.

न्यायालयात उभे राहाल तेव्हा ‘मला माहीत नव्हतं, मी फक्त पॅकिंग करत होतो’ हे पाठ केलेलं वाक्य म्हणू नका. तेल कुणी दिलं, वास कुठून आणला, लेबलं कुठे छापली, आणि कोणकोणत्या दुकानांत माल गेला, ते सांगा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पकडलेले डबे नष्ट होतात, फोटो येतो, आणि विकले गेलेले डबे कुणाच्या तरी फडताळात तसेच राहतात. त्या दुकानांची यादी जाहीर झाली तर लोक ते डबे परत तरी करतील.

गाळ्याच्या मालकांनो, तुम्हीही ऐका. भाडेकरार करताना आत काय बनणार ते लिहून घ्या, आणि महिन्यातून एकदा शटर वर करून बघा. खाण्याची वस्तू असेल तर नोंदणी क्रमांक मागा. तो खरा की खोटा हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासता येतं, फोनवरसुद्धा. आमच्या मंडळातल्या बायका आता ते शिकल्या आहेत. वस्तीतल्या दुकानातून नवं पाकीट आलं की त्या आधी क्रमांक तपासतात, मग चव.

आणि शेठ, कोसाड आवासमध्ये आता पाळत आहे. रात्री कोणत्या गाळ्यात टेम्पो रिकामे येतात आणि डब्यांनी भरून जातात, कुठून तापलेल्या तेलाचा वास येतो आणि दूध मात्र कधी आत जात नाही, हे पहाटे पाण्याला उठणाऱ्या बायकांइतकं कुणालाच कळत नाही. त्यांनी मला तक्रारीचा अर्ज लिहून मागितला होता. गुजरातीत लिहून दिला, प्रती काढून दिल्या. पत्त्याची जागा कोरी ठेवली आहे. ती त्या भरतील.

कोसाडचा एक रहिवासी